सोसायटीची गळती शोधणारा प्रकल्प: सेन्सर विकत घेण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना हे कळेल. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, चौघांचा गट. चेंबूरमधली सात मजली सोसायटी, दोन विंग, प्रत्येकी ४० घरं. गच्चीवरच्या टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरी पाण्यावर आपटवून अंतर मोजणारा) बसवून गळती ओळखायची आणि मोबाइलवर सूचना पाठवायची, असा प्रकल्प. गाइड म्हणतात, 'यात नवीन काय?' सेक्रेटरी म्हणतात, 'आम्हाला यातून काय मिळणार?' आणि तुम्ही विचारताय की सेन्सर कोणता घ्यावा.

मी गेली २२ वर्षं इमारतींच्या पाण्याचं काम करतोय. आधी प्लंबिंगची डिझाइनं केली, नंतर सोसायट्यांचे वॉटर ऑडिट. दरवर्षी दोन-तीन कॉलेजांचे गट भेटतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न सेन्सरचाच असतो. त्याचं उत्तर देतोच, पण ते सगळ्यात सोपं आहे. गाइडचा आणि सेक्रेटरींचा प्रश्न मात्र मुळात एकच आहे: आज या सोसायटीत किती पाणी गळतंय? हा आकडा तुमच्याकडे नाही, सोसायटीकडे नाही, पालिकेच्या बिलातही नाही. बिलावर खालच्या टाकीत किती पाणी आलं ते असतं, त्यातलं वापरलं किती आणि वाया गेलं किती हे नसतं. तुमचं संशोधन या आकड्यापासून सुरू होतं.

माझं पुढचं बरंचसं सांगणं तुमच्या इमारतीच्या रचनेवर अवलंबून आहे. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, पंपाने वर चढवतात आणि गच्चीवरच्या टाकीतून ते उताराने घरोघरी उतरतं, अशी जुनी पद्धत मी धरून चालतो. तुमच्याकडे वरची टाकीच नसेल आणि प्रेशर पंपाने थेट पुरवठा होत असेल, तर पुढची चाचणी लागू पडणार नाही. तिथे मुख्य पाइपवर पल्स देणारा मीटर, म्हणजे ठरावीक पाणी गेलं की विजेचा एक ठोका देणारा, बसवावा लागेल. दुसरं म्हणजे वरच्या टाकीत किती कप्पे आहेत ते बघा. घरगुती वापराचा, फ्लशचा आणि आगीसाठी राखीव, असे वेगळे कप्पे बऱ्याच इमारतींत असतात. आगीच्या कप्प्याला अजिबात हात लावू नका. आणि कुठल्याही टाकीत स्वतः उतरू नका. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, आणि पाणी लोकांच्या पिण्याचं असतं.

आता चाचणी. दर सोसायटीत मी पहिल्याच रात्री ही करतो आणि तिला एकही सेन्सर लागत नाही. पंपवाल्याला सांगून रात्री १ ते पहाटे ५ पंप बंद ठेवायचा. टाकीचं झाकण उघडायचं, टॉर्च मारायचा, स्टीलची पट्टी उभी धरून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. पहाटे ५ वाजता त्याच ठिकाणी पुन्हा मोजायचं. पट्टी दर वेळी एकाच जागी टेकावी म्हणून काठावर पक्क्या मार्करची खूण करून ठेवा, खडूची खूण राहत नाही.

उदाहरणासाठी धरा, टाकीचा घरगुती कप्पा ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. म्हणजे पाणी १ सेंटीमीटर उतरलं की १२० लिटर गेलं. चार तासांत पातळी ५ सेंटीमीटर उतरली तर ६०० लिटर. हे सगळंच गळतीचं नाही. ४० घरांत माणसं रात्रीही उठतात. वीस-पंचवीस वेळा फ्लश झाला आणि दर वेळी ८ लिटर गेलं असं धरलं तर दीड-दोनशे लिटर खऱ्या वापराचं. उरलं साधारण ४००, म्हणजे तासाला १०० लिटर. वरच्या टाकीतून उताराने येणाऱ्या पाण्याचा दाब दिवसरात्र जवळजवळ सारखाच असतो, म्हणून २४ तासांचा अंदाज २,४०० लिटर असा काढता येतो. पंपाच्या दाबावर चालणाऱ्या इमारतीत हा गुणाकार इतका सरळ करता येत नाही.

याची वापराशी तुलना करा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीसाठी आपल्याकडे वापरलं जाणारं प्रमाण आहे. एका विंगमध्ये ४० घरं, घरी चार माणसं, म्हणजे २१,६०० लिटर. त्यातले २,४०० लिटर म्हणजे ११ टक्के. हा आकडा सेक्रेटरींपुढे ठेवलात की ते ऐकायला बसतील.

पण इथे थांबू नका, कारण पाणी जातंय कुठून हे अजून कळलेलं नाही. एखाद्या रात्री नोटीस लावून टाकीखालचे, घरांकडे जाणारे सगळे वॉल्व दोन तास बंद करा. तरीही पातळी उतरली, तर टाकीलाच भेग आहे किंवा वॉल्व नीट बंद होत नाहीयेत. जुने गेट वॉल्व बऱ्याचदा पूर्ण बसत नाहीत, तेव्हा पाइपला कान लावून किंवा खालचा नळ उघडून खात्री करा. वॉल्व बंद असताना पातळी स्थिर राहिली आणि उघडल्यावर उतरली, तर गळती पाइपांत किंवा घरांत आहे.

आणि माझा अनुभव सांगतो, ती बहुतेक वेळा घरांत असते. फ्लशच्या टाकीतलं रबर झिजतं आणि पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने बारीक धारेनं, आवाज न करता, दिवसरात्र वाहत राहतं. घरच्यांना पत्ताही नसतो. यासाठी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका असं सांगा. भांड्यात रंग उतरला तर रबर बदलायचं. चौघांनी मिळून एका रविवारी ८० घरं सहज होतात. मी काम केलेल्या एका सोसायटीत डक्टमधले, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतले, पाइप बदलायचं कोटेशन येऊन पडलं होतं. या एका रविवारनंतर रात्रीची उतरण निम्म्यावर आली आणि पाइपांना हात लावावा लागला नाही.

आता सेन्सर. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः या जागी चुकलो आहे आणि त्या चुकीचा खर्च एका सोसायटीने सोसला.

आमच्या पहिल्या प्रकल्पात टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला होता. रोज संध्याकाळनंतर आलेखाची रेघ हळूहळू खाली यायची. आम्ही गळती जाहीर केली, डक्टची भिंत फोडली, एक जोड खरंच ओला सापडला, तो बदलला. दुसऱ्या रात्री रेघ तशीच खाली आली. शेवटी सगळे वॉल्व बंद करून पहाटे गच्चीवर गेलो आणि पट्टी लावली, तर पाणी जागचं हललंच नव्हतं. उतरत होतं ते टाकीतल्या हवेचं तापमान.

कारण साधं आहे. हा सेन्सर आवाजाचा वेग ठरावीक धरून, जाऊन-येऊन लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. हवेतला आवाजाचा वेग मात्र दर अंशामागे सेकंदाला साधारण ०.६ मीटरने बदलतो. रात्री हवा थंड झाली की आवाज सावकाश जातो, परत यायला जास्त वेळ लागतो आणि सेन्सरला वाटतं की पाणी लांब गेलं. पाणी १ मीटर खाली असताना हवा ३ अंशांनी थंड झाली तर अंतर सुमारे ५ मिलिमीटर जास्त दिसतं. आपल्या उदाहरणातल्या टाकीत हे ६० लिटर झाले. चार तासांत ६०, म्हणजे दिवसाला ३६० लिटरची गळती, जी अस्तित्वातच नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्यांत दिवसरात्रीचा फरक मोठा असतो, तिथे हा भास आणखी वाढतो.

म्हणून सेन्सरशेजारी, टाकीच्या आतल्या हवेत, तापमान मोजणारा छोटा सेन्सर लावा आणि दर वाचनाला वेग दुरुस्त करून घ्या. खर्च किरकोळ आहे. किंवा तळाशी ठेवायचा, पाण्याच्या दाबावरून पातळी सांगणारा सेन्सर वापरा. तो महाग पडतो, पण हा घोळ त्यात नाही. एचसी-एसआर०४ हा सेन्सर कॉलेजच्या टेबलावर छान चालतो. टाकीत मात्र झाकणाखाली थेंब साचतात आणि काही आठवड्यांत तो बिघडतो. त्याचा वॉटरप्रूफ भाऊ जेएसएन-एसआर०४टी जास्त टिकतो, पण जवळचं त्याला दिसत नाही. वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आत पाणी आलं की वाचन भरकटतं. टाकी ओव्हरफ्लोपर्यंत भरली तरी तेवढी जागा उरेल अशा उंचीवर तो बसवा. गच्चीवर वायफाय पोहोचत नसेल तर लोरा बघा, कमी विजेत लांबवर माहिती पाठवणारी ती रेडिओ पद्धत आहे. आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची पट्टी परवान्याविना वापरता येते. आणि चेंबूरची खारी दमट हवा कनेक्टर खाते, तेव्हा जोडण्या सीलबंद डब्यात असू द्या.

गाइडच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलेलं आहे. सेन्सर, कंट्रोलर आणि मोबाइलची सूचना यात नवीन काही नाही, ते खरंच म्हणतायत. पण 'एवढ्या टाकीत, अशा सेन्सरने, किती लहान गळती खात्रीने पकडता येते?' या प्रश्नाचं मोजून दिलेलं उत्तर फारच थोड्या विद्यार्थ्यांच्या अहवालांत मी पाहिलंय. समजा तुमच्या एका वाचनात अर्ध्या सेंटीमीटरची चूक होऊ शकते, म्हणजे ६० लिटर. रात्रीची सुरुवात आणि शेवट अशी दोन वाचनं, दोघांची मिळून चूक सुमारे ८५ लिटर (अशा चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, ६० ला दोनच्या वर्गमुळाने गुणायचं). चार तासांवर पसरली तर तासाला २१, दिवसाला साधारण ५०० लिटर. म्हणजे एका रात्रीच्या वाचनावरून दिवसाला ५०० लिटरहून लहान गळतीबद्दल तुम्ही काहीच ठामपणे म्हणू शकत नाही. १६ रात्रींची सरासरी घेतली तर ही चूक (१६ चं वर्गमूळ ४, म्हणून) चौथ्या हिश्श्यावर येते, सव्वाशे लिटरच्या आसपास. तापमानाचा भास मात्र सरासरीने जात नाही, कारण तो रोज एकाच दिशेने होतो. वर्षभर मोजलंत तरी तो तसाच राहील. यादृच्छिक चूक आणि पद्धतीतली चूक यांतला फरक पुस्तकात एका परिच्छेदात असतो. तुम्हाला तो गच्चीवर प्रत्यक्ष दिसेल. अहवालात हे प्रकरण असू द्या, गाइड नक्की समाधानी होतील.

नावीन्याची आणखी एक जागा आहे. रात्रीचा किमान प्रवाह मोजून गळती ठरवायची पद्धत ज्या शहरांत नळांना २४ तास दाबाने पाणी असतं तिथे रुळलेली आहे. मुंबईत पाणी विभागवार ठरलेल्या वेळेला सुटतं आणि तेवढ्यात खालची टाकी भरून घ्यायची असते. त्यामुळे रस्त्यातल्या पाइपवर ती पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही. वरच्या टाकीनंतरची पाइपलाइन मात्र चोवीस तास भरलेली असते. म्हणजे अधूनमधून पाणी येणाऱ्या शहरात ही पद्धत इमारतीच्या आत चालवता येते. ती किती भरवशाची आहे हे तुम्ही मोजून दाखवू शकता.

आता तुमच्या आराखड्यात मला दिसलेली सगळ्यात मोठी उणीव. तुम्ही ऑक्टोबरमध्ये यंत्रणा बसवणार आणि मार्चमध्ये 'वापर इतके टक्के कमी झाला' असं लिहिणार. पण ऑक्टोबर आणि मार्च यांची तुलनाच होत नाही. दिवाळीत पाहुणे असतात, परीक्षेच्या दिवसांत सगळे घरी असतात, मे महिन्यात अर्धी सोसायटी गावी गेलेली असते. तुमच्या यंत्रणेने काहीही केलं नाही तरी आकडे हलणारच. सुदैवाने तुमच्याकडे दोन सारख्या विंग आहेत, असं भाग्य दर गटाला मिळत नाही. दोन्हींत मोजणी सुरू करा. पहिले सहा आठवडे कुठेही काही बदलू नका, फक्त नोंद घ्या. मग 'ए' विंगमध्ये सूचना आणि दुरुस्ती सुरू करा, 'बी' विंगमध्ये फक्त मोजत राहा. 'ए' मध्ये झालेल्या बदलातून 'बी' मध्ये आपोआप झालेला बदल वजा करा. उरलं ते तुमच्या कामाचं फळ. प्रकल्प संपल्यावर 'बी' विंगच्या दुरुस्त्याही करून द्या, आणि हे सोसायटीला सुरुवातीलाच लिहून द्या, नाहीतर 'बी' विंगवाल्यांना आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटेल आणि ते बरोबरच असेल.

पावसात एक काळजी घ्या. गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर पावसाचं पाणी आत जातं, पातळी वर येते आणि गळती झाकली जाते. त्या रात्रींची वाचनं वेगळी काढून ठेवा.

यंत्र चालवणाऱ्या माणसाबद्दल सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते प्रकल्पाचं यश सेन्सरपेक्षा यावर जास्त अवलंबून असतं. एका इमारतीत आम्ही टाकी भरल्यावर वाजणारा बझर वॉचमनच्या केबिनमध्ये लावला. महिन्याभरात त्याची वायर काढलेली सापडली. चौकशी केली तेव्हा कळलं, रात्री बझर वाजला की पहिल्या मजल्यावरची मंडळी वॉचमनवर ओरडायची आणि पंपाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे नव्हतीच. आवाज त्याच्या कानाशी, इलाज दुसऱ्याच्या हातात. दोष त्याचा नव्हता, आमच्या आखणीचा होता. तेव्हा सूचना कोणाच्या फोनवर जाणार, त्या माणसाकडे वॉल्वची किल्ली आहे का, प्लंबरला बोलवायचा आणि पैसे द्यायचा अधिकार कोणाला, हे यंत्रणा बसवण्याआधी कमिटीच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात घ्या. पंपवाल्याशी पहिल्याच दिवशी बोला. पंप किती वेळ चालला याची त्याची वही असेल, तर ती वर्षानुवर्षांची तयार माहिती आहे. पवईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं 'सितारा' केंद्र आहे. तिथे विद्यार्थ्यांना गावात जाऊन लोकांकडून प्रश्न समजून घ्यावा लागतो. तुमचं गाव म्हणजे ही सोसायटी, असं समजून काम करा.

आणखी एक. घराघरांवर मीटर लावायचा मोह झाला तर आधी विचार करा. पाण्याच्या वाचनावरून कोणतं घर कधी रिकामं असतं हे कळतं. अशी माहिती गटाबाहेर जाता कामा नये. अहवालात फक्त विंगची बेरीज द्या.

सेक्रेटरींना काय सांगायचं? दिवसाला २,४०० लिटर म्हणजे वर्षाला पावणेनऊ लाख लिटर, १० हजार लिटरचे ८७ टँकर. टँकर ज्यांनी मागवलाय त्यांना यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. वीज वाचण्याचा मुद्दा मात्र फुगवू नका. १,००० लिटर पाणी ३० मीटर चढवायला, पंप आणि मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर, ०.२ युनिट लागतं. म्हणजे २,४०० लिटरमागे दिवसाला अर्धं युनिट. हे तुम्ही स्वतःहून कमी सांगितलंत तर बाकीच्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतील.

या विषयाची मला इतकी कळकळ का, तेही सांगतो. माझं आजोळ शहापूर तालुक्यातलं. मुंबईला पाणी देणारं भातसा धरण तिथलंच. मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी लागतं. ते देणाऱ्या सात तलावांपैकी शहरात आहेत फक्त विहार आणि तुळशी. १८६० च्या विहारपासून २०१४ च्या मध्य वैतरणेपर्यंत आपण लांब लांब जात राहिलो. शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत बसलेल्या बायका मी लहानपणापासून पाहतोय, आणि त्यांच्या शेजारून मोठा पाइप मुंबईकडे जातो. चेंबूरच्या फ्लशमधून रात्रभर वाहणारं पाणी वाचवलं म्हणून ते उद्या त्या पाड्यावर पोहोचणार नाही, मध्ये धरणांचं आणि वाटपाचं मोठं राजकारण आहे. पण शहराने पुढचं धरण मागण्याआधी आपल्या टाक्या मोजलेल्या असाव्यात, असं मला मनापासून वाटतं. ते मोजणारे हात तुमच्यासारख्यांचे असावेत.

हाताशी आठ महिने आहेत. पहिले दोन महिने पट्टी, पंपवाल्याची वही आणि तापमानाच्या दुरुस्तीसह सेन्सरची पट्टीशी पडताळणी. पुढचे सहा आठवडे दोन्ही विंगची नुसती नोंद. मग 'ए' विंगमध्ये रंगाची चाचणी, दुरुस्त्या, सूचना. शेवटचे सहा आठवडे लिहायला ठेवा, ते कमीच पडतात.

सेन्सरची ऑर्डर या आठवड्यात देऊ नका. शनिवारी रात्री पंपवाल्याला सोबत घेऊन दोघं जण गच्चीवर जा, कठड्यापासून लांब राहा, एकाने टॉर्च धरा, दुसऱ्याने पट्टी. टाकीची आतली लांबी-रुंदी, रात्री १ चं वाचन, पहाटे ५ चं वाचन आणि मधल्या वेळात पंप चालला का, एवढं इथे लिहून पाठवा. दोन्ही विंगचं पाठवा. त्यावरून पुढचं बोलू.